मदत हवी आहे: जर्मन सैनिकाच्या जुन्या फोटोंवरून तुकडी ओळखायची आहे

आमच्या शेजारच्या जर्मन आजींना त्यांचे वडील दुसऱ्या महायुद्धात कोणत्या तुकडीत होते, ते जाणून घ्यायचंय. फोटोत उजव्या बाहीवर एडेलवाइस फुलाचं चिन्ह आहे, म्हणजे पहाडी डिव्हिजन. गणवेशावरचं गरुडाचं चिन्ह छातीवर आहे. वाफेन-एसएसचा (नाझी पक्षाच्या एसएस संघटनेचं लष्करी दल) गरुड डाव्या बाहीवर असायचा, त्यामुळे हे भूदलच. पण पायदळ की तोफखाना? खांद्याच्या पट्टीची कड पहाडी पायदळाची हिरवी, तोफखान्याची लाल, आणि कृष्णधवल फोटोत दोन्ही गडदच दिसतात! पट्टीवर रेजिमेंटचा आकडाही नाही. एका फोटोमागे पाच आकडी फेल्डपोस्ट क्रमांक (लष्करी टपालासाठी तुकडीच्या नावाऐवजी वापरायचा क्रमांक) आहे, तारीख मात्र नाही. काही क्रमांक पुढे दुसऱ्या तुकड्यांना दिले गेले, मग नेमकी रेजिमेंट कशी ठरवायची? बर्लिनच्या संघीय अभिलेखागारात (जिथे जुन्या सैनिकांच्या नोंदी आहेत) कुणी अर्ज केलाय का? नाव आणि जन्मतारीख पुरते का? आजींसाठी हे फार मोलाचं आहे, कृपया सांगा.