व्यवहार आणि भावना: खानदेशातले अनुभव

व्यवहाराच्या वेळी भावना बाजूला ठेवावी, असे आपल्याला लहानपणापासून सांगितले जाते. पण कापूस विकण्यापासून वाटणीपर्यंत घरातला एकही मोठा निर्णय मी तसा झालेला पाहिलेला नाही. जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या मंडळींना विनंती, की स्वतः जवळून पाहिलेला एखादा व्यवहार इथे लिहावा. भाव काय होता आणि निर्णय खरोखर कशावर ठरला, हे दोन्ही सांगावे.

शेतकरी घरातील सून, चोपडा तालुका

२०२१-२२ च्या हंगामात कापसाने क्विंटलला १०,००० रुपयांचा टप्पा ओलांडला. पुढच्या हंगामात मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव ६,०८० रुपये होता आणि बाजार त्याच्या वर होता, तरी आमच्या भागात घरोघरी कापूस साठलेला होता, कारण प्रत्येकाच्या मनात आदल्या वर्षीचा आकडा बसला होता. आमची पुढची खोली आढ्यापर्यंत भरली होती. ऊन वाढले तसे लेकरांच्या अंगाला खाज सुटली, तरी खेडा खरेदीवाला व्यापारी दारात आला की सासरे ‘बघू’ एवढेच म्हणत. याला हाव म्हणणे मला अन्यायाचे वाटते. माणूस नफा-तोटा मनात धरलेल्या एका आकड्यापासून मोजतो आणि तोटा त्याला तेवढ्याच नफ्यापेक्षा जास्त बोचतो, हे डॅनियल कानेमन आणि अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली मांडले. आठ हजारांना विकणे म्हणजे आमच्या घरात दोन हजार गमावणे होते. शिवाय आपण एकट्याने विकला आणि नंतर भाव चढला, तर पारावर काय ऐकावे लागेल, ही धास्ती वेगळीच. त्यामुळे गाव एकत्र थांबले आणि भाव उतरू लागल्यावरही एकत्रच थांबून राहिले.

सराफी पेढीवरील कर्मचारी, जळगाव

मोड, म्हणजे मोडायला आणलेला जुना दागिना, घेताना वजन, शुद्धता आणि घट काट्यावर ठरते. आधी कोणता डाग (दागिना) मोडायचा, हे मात्र तिथे ठरत नाही. पेरणीच्या तोंडाशी बियाण्या-खतासाठी येणाऱ्या बायका बहुधा अलीकडे घेतलेली साखळी पुढे करतात, आणि आईची जुनी पोत गाठोड्यात परत जाते. काही जणी पोत गहाण ठेवून वर्षानुवर्षे व्याज भरतात. ती विकून पुढे तेवढेच सोने घेतले तर कदाचित स्वस्त पडेल, हे त्यांना चांगले कळते. पण तेच वजन आणि तीच शुद्धता परत मिळाली तरी ती आईची पोत नसते.

शिक्षक, शिरपूर

आमच्याकडे सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला शेतगडी, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) ठरतो. दोन मळ्यांवर सारखीच रक्कम मिळत असेल, तर माणूस जिथे त्याच्या ताटाला मान आहे तिथे जातो. सालदार मिळत नाही अशी तक्रार करणाऱ्यांनी हेही पाहावे.

धुळे (माहेर अमळनेर तालुका)

माझा अनुभव हक्कसोडपत्राचा, म्हणजे मालमत्तेतला आपला वाटा सोडल्याच्या कागदाचा आहे. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली हिंदू वारसा कायदा बदलून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला जन्मतः हक्क दिला. तरीही बहिणीने सही करायची आणि भावाने साडी घ्यायची, ही आमच्या भावकीतली रीत आहे. सही करताना बहिणीच्या मनात त्यागापेक्षा भीती जास्त असते: आखाजीला मूळ (माहेरी न्यायला माणूस) येईल का, सासरी बिनसले तर कोणाच्या दारात उभे राहायचे. जिच्या नावावर सासरी काहीच नाही, तिला माहेर हाच विमा असतो, म्हणून त्या सहीला मी भाबडेपणा म्हणणार नाही. पण ही भीती भावालाही ठाऊक असते आणि तिच्याच जोरावर जमीन त्याच्याकडे जाते, हे उघड बोलले गेले पाहिजे. आम्ही दोघी बहिणींनी सही दिली नाही. भावाने बरेच दिवस बोलणे टाकले. आईने मध्यस्थी केली. आता सातबाऱ्यावर आईसह आम्हा सर्वांची नावे आहेत, जमीन भाऊच कसतो आणि कापूस विकला गेला की आमचा वाटा खात्यावर येतो. यंदा वहिनीच्या माहेरी तोच कागद निघाला, तेव्हा सही करावी का हे विचारायला तिने मलाच फोन केला.