मदत हवी आहे: शिरवळजवळच्या तीन एकरांत प्लॉटिंग करायचंय, आधी काय बघू?

मंडळी, नमस्कार.

खंडाळा तालुक्यात (लोणावळ्याचं नव्हे, साताऱ्याचं खंडाळा) शिरवळपासून जवळच आमची १ हेक्टर २१ आर वडिलोपार्जित जिरायत जमीन आहे. म्हणजे तीन एकर. केसुर्डीला एमआयडीसी आल्यापासून पंचक्रोशीत जो तो प्लॉट पाडतोय. ज्वारी-हरभऱ्यात हाती काही राहत नाही आणि आम्ही दोघं भाऊ नोकरीपायी पुण्यात. एकगठ्ठा विकायची नाही, हा वडिलांचा हट्ट. पडून ठेवायची नाही, हा आमचा. म्हणून रीतसर एन.ए. (बिगरशेती) लेआउट करून प्लॉट विकावेत, चार-सहा घरात ठेवावेत, असं चाललंय. या धंद्यातलं दोघांनाही ओ की ठो कळत नाही.

सातबारावर वडील आणि दोन काका आहेत. भोगवटादार वर्ग २ (म्हणजे विकायला सरकारी अटी असलेली जमीन), इतर हक्कात 'कुळकायदा कलम ४३ च्या बंधनास पात्र' असा शेरा. आजोबा कुळ होते, त्यांच्या वेळचा. दोन आत्या आहेत, त्यांची नावं वारसनोंदीत लागलीच नाहीत. संबंध उत्तम आहेत, दिवाळीला सगळे एकत्र असतो, आणि नेमकं त्यामुळेच हा विषय काढायची कोणाची छाती होत नाही.

रस्ता ही दुसरी कटकट. डांबरीपासून दोन शेतं ओलांडून आत जावं लागतं. गाडीवाट आहे, ट्रॅक्टर जातो, पण समोरून ट्रॉली आली की एकाला मागे सरकावं लागतं. शेवटचा पट्टा भावकीतल्या एका काकांच्या बांधावरून जातो.

आता मुख्य गोष्ट. तालुक्यातला एक प्लॉटिंगवाला सारखा घरी येऊन बसतो. जमीन तुमची, खर्च माझा, प्लॉट निम्मे-निम्मे. त्यासाठी विकसन करारनामा आणि विक्रीच्या अधिकारासह कुलमुखत्यारपत्र लगेच द्या म्हणतो. एन.ए.चं नंतर बघू, तोवर एकवीस गुंठ्यांचं एकेक खरेदीखत वीस-वीस जणांच्या नावे सामाईक करून देऊ, सगळे असंच करतात. बुकिंग व्हॉट्सॲपवर आत्ताच सुरू करायचं, आलेल्या पैशातून रस्ते. माणूस गोड आहे. निघताना आईच्या पाया पडतो. वडील पाघळलेत.

कलम ४३ मुळे सगळंच अडतं का? रस्त्यासाठी तहसीलदारांकडे जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली अर्ज करावा का? वकील, आर्किटेक्ट, मोजणी यांत आधी कोणाकडे जायचं? आणि हा भागीदार घ्यावा का? पुण्यातल्या 'जमिनीतून करोडपती' शिबिरांची फी भरायची अजिबात इच्छा नाही.

– दोनशेतंआत

कागदकिडा: कलम ४३ ला घाबरू नका. २०१४ च्या दुरुस्तीनंतर, ३२म प्रमाणपत्राला (कुळाने जमीन विकत घेतल्याचा दाखला) १० वर्षं झाली असतील तर आकाराच्या, म्हणजे सातबारावरच्या शेतसाऱ्याच्या, ४० पट नजराणा सरकारला भरून मोकळं होता येतं. जिरायतीचा आकार बघा, दोन-चार रुपये असेल. चाळीस पटीत घरच्यांचं एका वेळचं मिसळपाव होणार नाही. फक्त ३२म प्रमाणपत्र किंवा त्याचा फेरफार शोधून ठेवा. खरी डोकेदुखी आत्यांची आहे. नाव लागलं नाही म्हणून हक्क जात नाही. त्यांची नावं लावा, मग हिस्सा द्या किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र घ्या. साध्या स्टॅम्पवरचं संमतीपत्र चालणार नाही. प्लॉट विकल्यावर एखाद्या आत्याच्या नातवाने दावा लावला तर तुमच्याबरोबर प्लॉटधारकही कोर्टात.

गुंठामंत्री: आईच्या पाया पडणारा प्लॉटिंगवाला! आमच्याकडचा पेढे आणायचा.

मोजणीदार: भूमी अभिलेखमध्ये नोकरी केली आहे, त्यावरून सांगतो. पहिला पैसा वकिलावर नाही, गाव नकाशा आणि हद्द कायम मोजणीवर (जमिनीच्या सीमा पक्क्या करणारी सरकारी मोजणी) घाला. गाव नकाशात तुमची वाट तुटक दुबेरी रेषेने असेल तर ती गाडीमार्ग, एकेरी तुटक असेल तर पायवाट. गाडीमार्गाचीही रुंदी साडेसोळा ते साडेएकवीस फूट, म्हणजे पाच-साडेसहा मीटर. आणि लेआउटमध्ये आतले रस्तेच साधारण ९ मीटरचे धरावे लागतात. रेषच नसेल, तर ती वाट तुमच्या भावकीच्या मेहेरबानीवर चालू आहे. कलम १४३ चा नाद सोडा. ते शेतकऱ्याला शेतात जाण्यासाठी बांधावरून वाट देतं. त्या वाटेवर लेआउट उभा राहत नाही, आणि प्लॉटिंग करताय कळलं की भावकी अपिलात जाणार ते वेगळंच.

कागदकिडा: सामाईक खरेदीखताबद्दल राहिलंच. जिरायतीचं प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे विकता येणारा सर्वात लहान तुकडा, २० गुंठे आहे, म्हणून तो एकवीसचा आकडा. तुकडेबंदी कायद्याला वळसा. पण जमीन शेतीच राहते, म्हणजे त्या वीस जणांपैकी प्रत्येक जण शेतकरी हवा. कोणाला स्वतंत्र सातबारा नाही, बांधकाम परवानगी नाही, बँकेचं कर्ज नाही. शिवाय रेरा (घर-प्लॉट ग्राहकांच्या संरक्षणाचा कायदा) प्लॉटिंगलाही लागू आहे. ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त जमीन असेल तर नोंदणीआधी जाहिरातही करता येत नाही, व्हॉट्सॲपवरचं बुकिंगसुद्धा त्यात आलं. दंड प्रकल्पखर्चाच्या १० टक्क्यांपर्यंत, आणि जमीनमालक म्हणून तुम्हीही प्रवर्तक, म्हणजे प्रकल्पाला जबाबदार, ठरू शकता. विक्रीचा अधिकार असलेलं कुलमुखत्यारपत्र लेआउट मंजूर होईपर्यंत कोणालाही देऊ नका. परवानग्यांपुरतं मर्यादित द्या.

हिशोबनीस: खर्चाआधी उत्पन्न मांडा. १२० गुंठ्यांतली १० टक्के मोकळी जागा सोडावी लागते, शिवाय रस्ते. विकायला साठ-पासष्ट टक्के उरले तर नशीब, म्हणजे ७२ ते ७८ गुंठे. त्यातले निम्मे भागीदाराचे. तुमच्या हातात ३६ ते ३९, तेही वडील आणि दोन काका अशा तिघांत, आत्या धरल्या तर पाचांत. करही बघा. नगरपालिका-नगरपंचायतीपासून ठरावीक अंतराबाहेरची शेतजमीन शेती म्हणूनच विकली तर भांडवली नफ्याचा कर नाही. एन.ए. करून प्लॉट पाडले की कर लागतो, आणि धंदा म्हणून केलंत तर तो नफा धंद्याचं उत्पन्न धरला जाऊ शकतो. वडिलांचा हट्ट मान्य, पण दोन्ही आकडे शेजारी लिहून त्यांच्यासमोर ठेवा.

दोनशेतंआत: सगळ्यांचे आभार. वडिलांना हा धागा वाचून दाखवला. ३६ गुंठे पाचांत म्हटल्यावर गप्प झाले. आईने आत्यांना फोन लावला, नावं लावायला सगळे तयार आहेत. नकाशा आणि मोजणीचा अर्ज करतोय. भावकीतल्या काकांची जमीन दुसऱ्या बाजूने डांबरीलाही लागून आहे, म्हणजे रस्त्याची किल्ली त्यांच्याकडेच. त्यांच्याकडून पट्टा विकत घेतला तर चालेल का?

मोजणीदार: पट्टा म्हणजे फार तर तीन-चार गुंठे, तिथे तुकडेबंदी आडवी येऊ शकते. त्यापेक्षा त्यांनाच लेआउटमध्ये घ्या. दोन्ही गट मिळून एकच अर्ज, रस्ता त्यांच्या गटातून, बदल्यात डांबरीकडचे प्लॉट त्यांचे. मग प्लॉटिंगवाल्याची गरज किती उरते तेही कळेल. झोन दाखला (जमीन शेती की रहिवासी विभागात, ते सांगणारा) साताऱ्याच्या नगररचना कार्यालयातून दोन्ही गटांचा एकदमच मागा. जमीन शेती विभागात निघाली तर हिशोब पुन्हा पहिल्यापासून.

दोनशेतंआत: काका रविवारी गावात असतात. बोलतो.

गुंठामंत्री: पेढे घेऊन जा.