‘ताबा घेण्याची विनंती’ : पर्यायी शब्द हवा आहे

शब्दवेडी :
स्वयंचलित वाहनांविषयीच्या एका माहितीपुस्तिकेचे मराठी भाषांतर करताना मी एका संज्ञेपाशी अडले आहे. एसएई या वाहन-अभियंत्यांच्या संस्थेने २०१४ साली स्वयंचलनाच्या शून्य ते पाच अशा सहा पातळ्या ठरवल्या. त्यांपैकी तिसऱ्या पातळीवर गाडी ठरावीक परिस्थितीत स्वतः चालते, मात्र तिने सांगताच माणसाने चालवायला घ्यावे लागते. या सांगण्याला एसएई ‘रिक्वेस्ट’ म्हणते, तर अशा गाड्यांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या १५७ क्रमांकाच्या नियमात ‘डिमांड’ असा शब्द आहे. पडद्यावरच्या संदेशासाठी मी ‘ताबा घेण्याची विनंती’ असे लिहिले होते. ‘ताबा घराचा किंवा जमिनीचा घेतात’ असा शेरा मारून ते परत आले आहे. आपण काय लिहाल?

देशीशब्द :
शेरा योग्य आहे. ‘ताबा’ मुळात अरबी, आणि मराठीत तो कोर्टकचेरीच्या वाटेने रुळला. ‘नियंत्रण स्वीकारा’ हे निर्दोष आहे.

शब्दवेडी :
पण अपघाताच्या प्रत्येक बातमीत ‘चालकाचा ताबा सुटल्याने’ असेच छापून येते. जो ताबा सुटतो, तो घेता का येऊ नये? शिवाय ज्या अरबी शब्दावरून तो आला, त्याचा अर्थ मागे चालणारा, आज्ञेत असणारा असा आहे. ‘ताबेदार’ त्याच घरातला. गाडी माणसाच्या आज्ञेत असणे, हा अर्थ ‘नियंत्रणा’पेक्षा मला जवळचा वाटतो.

वाहनअभियंता :
मला व्युत्पत्तीपेक्षा वाचणाऱ्याची काळजी अधिक वाटते. वर उल्लेखलेल्या नियमानुसार सूचना सुरू झाल्यावर चालकाला साधारणपणे किमान १० सेकंद मिळतात आणि तरीही त्याने प्रतिसाद दिला नाही तर गाडी स्वतःहून वेग कमी करत थांबू लागते. एवढ्या वेळात नजर पुस्तकावरून रस्त्यावर आणून, आजूबाजूची वाहने समजून घेऊन चाक धरायचे असते. मानसशास्त्रज्ञ लिसॅन बेनब्रिज यांनी १९८३ सालीच दाखवून दिले होते की यंत्र जितके अधिक काम करते, तितका माणसाचा सराव तुटतो आणि नेमक्या अवघड क्षणीच त्याच्याकडून कौशल्याची अपेक्षा केली जाते. अशा माणसासमोर ‘स्वीकारा’सारखे जोडाक्षर नको आणि ‘विनंती’ तर मुळीच नको, कारण विनंती नाकारता येते. ‘गाडी हातात घ्या’ एवढे पुरे.

माणदेशी :
माझे आजोबा बाजाराहून रात्री परतताना बैलगाडीत झोपत असत. बैलांना वाट पाठ होती. ओढ्याच्या उताराशी ते आपणहून थांबत, आणि गाडी थांबली की आजोबा जागे होऊन कासरा हातात घेत. आपण ज्याला तिसरी पातळी म्हणता, ती आमच्याकडे होती आणि तिला शब्दही होता. ‘कासरा घ्या’ असे का लिहू नये?

देशीशब्द :
हा शब्द मला मनापासून आवडला. मात्र कासरा म्हणजे बैल बांधायचा दोर. हाकताना हातात असते ती वेसण.

माणदेशी :
क्षमा करा, वेसण नाकातली. तिला जोडलेला जो लांब दोर गाडीवानाच्या हातात येतो, तो कासरा. बांधायचे ते दावे.

वऱ्हाडकर :
आमच्याकडे बैल खुंट्याला बांधतात त्या दोरालाही कासराच म्हणतात, त्यामुळे दोघांचेही बरोबर असू शकते.

वाहनअभियंता :
शब्द सुंदर आहे, पण पुण्यात वाढलेल्या पंचविशीच्या चालकाला तो अर्ध्या सेकंदात कळेल का, हे प्रत्यक्ष चालकांना दाखवून तपासल्याशिवाय मी तो पडद्यावर ठेवणार नाही.

देशीशब्द :
न वापरल्यामुळेच शब्द अनोळखी होतात. लगामाची ओळख आहे, मग कासऱ्याची का नसावी?

माणदेशी :
लगाम घोड्याचा, आणि तो आवरण्यासाठी असतो. येथे आवरायचे नसून हाकायचे आहे.

शब्दवेडी :
मजकूर मला शुक्रवारी द्यायचा आहे. ‘गाडी हातात घ्या’ आणि ‘ताबा घ्या’ यांपैकी निवड अजून व्हायची आहे. ‘विनंती’ मात्र मी आजच काढून टाकली.

वऱ्हाडकर :
‘हातात घ्या’ म्हटल्यावर चाक धरायचे की गाडी बाजूला घ्यायची, हे कसे कळणार?