मदत हवी आहे: स्कॅन केलेल्या पुस्तकातले सगळे ‘ळ’ गायब

नलूमावशी: भाचीची परीक्षा १२ दिवसांवर आलीये. तिला दिसत नाही. इतिहासाचं ३४० पानी पुस्तक ओसीआर केलं (म्हणजे पानांच्या फोटोंतून संगणकाकडून मजकूर काढून घेतला), तर ‘दुष्काळामुळे’चं ‘दुष्कालामुले’ झालंय! वाक्यंही एकमेकांत घुसलीत. हाताने दुरुस्त करत बसले तर दिवाळी उजाडेल. लवकर सांगा.

टंकमित्र: ओसीआर कशाने केलं? स्कॅन किती डीपीआयवर (इंचाला किती ठिपके)? भाची मोबाइलवर ऐकते की लॅपटॉपवर?

हेमंत_क: कशाला हा खटाटोप, सरळ वाचून रेकॉर्ड करा. मी ३ पुस्तकं केलीत. माणसाच्या आवाजातला जिव्हाळा यंत्रात नाही.

पायवाट: मी स्वतः एनव्हीडीए वापरतो, म्हणजे संगणकाच्या पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर. जिव्हाळा राहू दे, मला मथळे हवेत. वर्डमध्ये हेडिंग स्टाइल दिलेली असली की त्याच्या ब्राउझ मोडमध्ये (नुसतं वाचत फिरायच्या पद्धतीत) एच दाबत प्रकरण गाठता येतं. रेकॉर्डिंगमध्ये नुसतं चाचपडत बसायचं. शिवाय शब्द ऱ्हस्व की दीर्घ, ऐकून कसं कळणार?

हेमंत_क: लॅपटॉप सगळ्यांना परवडतो का?

साधासरळ: मुलीला ब्रेल शिकवा.

कायद्याचंबोला: प्रकाशकाची परवानगी घेतलीत का?

पायवाट: लागत नाही. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम ५२(१)(झेडबी) आलंय, अपंगांना वापरता येईल अशी प्रत करायची मुभा देणारं, वाचा. मावशी, सुगम्य पुस्तकालयात, म्हणजे छापील वाचता न येणाऱ्यांच्या ऑनलाइन ग्रंथालयात, शोधलंत का? तयार मिळालं तर सुटलात.

नलूमावशी: शोधलं, नाही तिथे. ओसीआरला टेसरॅक्ट हे सॉफ्टवेअर वापरलं. मोबाइलने फोटो काढले, वेळ वाचावा म्हणून दोन-दोन पानं एकदम. त्यात भाषा हिंदी निवडली.

टंकमित्र: हिंदी??

नलूमावशी: लिपी देवनागरीच ना?

टंकमित्र: अहो, हिंदीला ‘ळ’ कुठून माहीत असणार! टेसरॅक्टसाठी मराठीची वेगळी भाषा-फाइल मिळते, ती घाला. वाक्यं घुसली ती जोडपानांमुळे. डावीकडची ओळ थेट उजव्या पानावर गेलीये. स्कॅनटेलर या सॉफ्टवेअरमध्ये पानं कापून सरळ करा, फोटो पुसट असतील तर ती पानं ३०० डीपीआयवर पुन्हा स्कॅन करा. पानांचे आकडे काढा, नाहीतर ऐन वाक्यात ‘एकशे बारा’ ऐकू येतं. आणि ‘ऱ्य’ तपासाच, ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ होतं.

नलूमावशी: १० पानं मराठी लावून केली. ‘दुष्काळामुळे’ आलं!! पण आता तळटिपा परिच्छेदाच्या मधोमध येतायत. त्या कुठे टाकू?

हेमंत_क: म्हणून म्हणत होतो, वाचून रेकॉर्ड करा.