वीस महिन्यांची एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित कालवड अजून माजावर नाही. खुराकात काय चुकतंय?

गव्हाण_फलटण: एचएफ संकरित कालवड, वय 20 महिने. एकदाही माज दिसलेला नाही. चारा म्हणजे बहुतेक उसाचे वाढे (हिरवे शेंडे), सोबत कडबा कुट्टी आणि रोज 1 किलो भिजवलेली सरकी पेंड. खनिज मिश्रण आठवड्यातून एखाद्या वेळी. छातीचा घेर 54 इंच, लांबी 46 इंच. भिंत चाटते, दावं चघळते. माजाचं इंजेक्शन द्यावं का? गोठ्यात 15 दिवसांची आणखी एक कालवड आहे, तिचंही सांगा.

कुट्टीमशीन: आधी वजन काढू. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 660. म्हणजे 54 × 54 × 46 ÷ 660, साधारण 203 किलो. टेप पुढच्या पायांच्या लगेच मागून धरला होता ना? आणि लांबी खांद्याच्या टोकापासून शेपटीशेजारी मागे निघालेल्या हाडापर्यंत? मानेपासून मोजली असेल तर आकडा फुगतो.

कालवड माजावर येते ती वजनावर, वयावर नाही. मोठेपणी 400-425 किलो भरणारी गाय असेल तर भरवताना (रेतन करताना) निदान 250 किलो हवी. तुमची 45-50 किलोंनी मागे आहे. इंजेक्शनने माज दिसेलही, पण अशी कालवड उलटत राहते, म्हणजे भरवली तरी गाभण न राहता पुन्हा माजावर येते, आणि गाभण राहिलीच तर विताना अडते.

मूरघास७२: खरा घोळ वाढ्यांचा आहे. त्यांत प्रथिनं कमी, फॉस्फरस कमी, शिवाय ऑक्झलेट, जे कॅल्शियम बांधून ठेवतं. पोट भरतं, अंग भरत नाही. भिंत चाटणं, दावं चघळणं हे बहुतेक वेळा फॉस्फरसच्या कमतरतेचं लक्षण. वाढे पूर्ण बंद करता येत नसतील तर एकूण वैरणीच्या पाव हिश्श्यावर आणा.

200 किलोच्या कालवडीला रोज: हिरवा मका 8 किलो, मेथीघास (लसूणघास) 3 किलो, कडबा कुट्टी दीड किलो, खुराक पावणेदोन किलो दोन वेळांत विभागून.

100 किलो खुराक घरी करायचा तर मका भरडा 40, गव्हाचा कोंडा 22, सरकी पेंड 20, सोयाबीन पेंड 15, खनिज मिश्रण 2, मीठ 1. प्रथिनं 18 टक्क्यांच्या आसपास बसतात. खनिज यातच आलं, वेगळं देऊ नका. नुसती सरकी पेंड म्हणजे खुराक नव्हे, धान्याची ऊर्जा कुठून येणार? खुराक एकदम वाढवलात तर शेण पातळ होईल, तेव्हा आठ-दहा दिवसांत हळूहळू चढवा.

दिवसाला 500-600 ग्रॅम वाढ धरली तर 250 किलोला 80 ते 95 दिवस लागतील. दर पंधरा दिवसांनी टेप लावा.

दावणीवरून: वरचं बरोबर, पण खुराक देण्याआधी जंतनाशक. नाहीतर पेंड जंतच खाणार. औषध डॉक्टरांना विचारून, वजनाप्रमाणे. आणि एक राहिलं: ही कालवड जुळी होती का, सोबत गोऱ्हा होता का? तसं असेल तर बहुतेक वेळा ती वांझ असते, मग पैसे घालण्याआधी डॉक्टरांकडून गर्भाशय तपासून घ्या.

माज मुकाही असतो, म्हणजे बाहेरून लक्षणं दिसत नाहीत. एचएफचा पुष्कळदा रात्री येतो. पहाटे पाचला आणि रात्री दहाला मागे बॅटरी मारून बघा. काचेसारखा बळस (माजाचा चिकट स्राव) शेपटीला चिकटलेला दिसतो. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवा, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी.

कुट्टीमशीन: छोटीबद्दल. दूध वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतकं, म्हणजे 35 किलोच्या वासराला साडेतीन लिटर, दोन वेळांत, अंगाइतकं कोमट. आत्तापासून वासरांचा खुराक मूठभर, कोरडाच, आणि शेजारी स्वच्छ पाणी. ओला करून ठेवलात की आंबतो आणि हगवण लागते. सरकी पेंड पहिले चार महिने नको, तिच्यातलं गॉसिपॉल हे विषारी द्रव्य लहान वासराला झेपत नाही. सलग तीन दिवस 1 किलो खुराक खाल्ला की दूध तोडायला हरकत नाही. ब्रुसेलाची (गर्भपात घडवणाऱ्या रोगाची) लस 4 ते 8 महिन्यांत, एकदाच.

मूरघास७२: उलटं टोकही आहे. तीन ते दहा महिन्यांच्या कालवडीला भरडा कोंबून दिवसाला 900 ग्रॅमपर्यंत वाढवू नका. कासेत दूधग्रंथींऐवजी चरबी भरते. दिसायला ती देखणी होते, पण पुढे दूध कमीच देते.

गव्हाण_फलटण: जुळी नव्हती. टेप पुन्हा लावला, लांबी 45 भरली, म्हणजे 199 किलो. इंजेक्शन रद्द. सोयाबीन पेंडीऐवजी शेंगदाणा पेंड चालेल का?

मूरघास७२: चालेल, तेवढीच. पण फोडून वास घ्या. कुबट असेल किंवा आत हिरवट बुरशी दिसली तर कालवडीला नको, गायीलाही नको.