हाफ-ड्रॅगनसाठी हाफ-ऑर्कच का?

डंजन्स अँड ड्रॅगन्स या खेळात हाफ-ड्रॅगन हे मूळ वंशावर चढवायचं 'टेम्पलेट' आहे; त्यासाठी मूळ वंश कोणता घ्यावा, या प्रश्नावर वर कुणीतरी ताकदीसाठी हाफ-ऑर्क सुचवलाय. त्याच्या +२ मध्ये टेम्पलेटचे +८ मिळवले की आकडा झकास दिसतो, मान्य. पण खेळाच्या ३.५ आवृत्तीत हाफ-ड्रॅगनची लेव्हल ॲडजस्टमेंट +३ आहे (म्हणजे टेम्पलेटच्या बदल्यात तीन लेव्हल सोडाव्या लागतात), तिच्याबद्दल कुणीच बोलत नाहीये. सहाव्या लेव्हलच्या पार्टीत तुमचा गडी जेमतेम तिसऱ्या लेव्हलचा फायटर असतो. म्हापशाला आमच्या टेबलावर असाच एक होता, तीसेक हिट पॉइंटांचा (ते संपले की पात्र कोसळतं). ओग्र या राक्षसाच्या सोट्याचा डॅमेज २डी८+७ (आठ बाजूंचे दोन फासे, अधिक सात). दुसरा फटका बसला आणि गडी आडवा! खेळणारा मग तासभर सगळ्यांना चहा-भजी वाढत बसला (बाहेर धो धो पाऊस, घरी तरी कसा जाणार).

म्हणून मी ड्वार्फ घेईन. कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा, त्यावर हिट पॉइंट वाढतात) एकूण +४ होतं आणि ड्वार्फचा कॅरिस्मातला (छाप पाडण्यातला) -२ टेम्पलेट भरून काढतं. डार्कव्हिजन (अंधारात दिसणं) टेम्पलेटमधूनच मिळतं, तेव्हा निव्वळ त्यासाठी वंश निवडण्यात अर्थ नाही. त्या हिशेबाने माणूसही वाईट नाही, त्याचं जादा फीट (खास कौशल्य) कधीच फुकट जात नाही. आणि पंखांचं विचारणाऱ्यांसाठी: ते लार्ज किंवा त्याहून मोठ्या आकारालाच फुटतात, यातल्या कुणालाच नाही.