परिमिती सारखी असूनही क्षेत्रफळ वेगळे कसे?

प्रश्न (एक पालक, इंदूर)

नमस्कार. माझी मुलगी येथे हिंदी माध्यमाच्या शाळेत सातवीत आहे. शाळेत ती ‘परिमाप’, ‘परिधि’ आणि ‘क्षेत्रफल’ शिकते, तर घरी तिचे आजोबा त्यांनाच परिमिती, परीघ आणि क्षेत्रफळ म्हणतात. पण अडचण शब्दांची नाही. सूत्रे तिला पाठ आहेत, मात्र त्यांतून नेमके काय मोजले जाते हे तिला उमगलेले नाही. परवा घरी दोन प्लॉटांविषयी बोलणे निघाले, एक २० बाय ५० फुटांचा आणि दुसरा ३० बाय ४० फुटांचा. दोन्हींची परिमिती १४० फूट येते हे तिने बरोबर काढले आणि दोन्ही प्लॉट सारखेच असल्याचे सांगितले. क्षेत्रफळ मात्र १००० आणि १२०० चौरस फूट आले, तेव्हा आपलेच चुकले असे समजून तिने सगळे खोडून टाकले. हे तिला कसे समजावून सांगावे?

उत्तर (निवृत्त गणित शिक्षक, इंदूर)

ताई, मुलीचे गणित बरोबर आहे. तिने खोडलेले तिच्याकडूनच पुन्हा लिहून घ्या. परिमिती म्हणजे प्लॉटला घालायच्या कुंपणाची लांबी आणि क्षेत्रफळ म्हणजे त्या कुंपणाच्या आत बसणाऱ्या एक-एक फुटाच्या चौरस फरश्यांची संख्या. एक लांबी आहे, दुसरी जागा आहे, म्हणून एकीवरून दुसरी ठरत नाही. तिला ६९ फूट लांब आणि १ फूट रुंद अशा बोळाची परिमिती काढायला सांगा. तीही १४० फूटच भरेल, पण आत फरश्या बसतील फक्त ६९. मग बोळ हळूहळू रुंद करत न्या: ६० बाय १० मध्ये ६००, ५० बाय २० मध्ये १०००, ४० बाय ३० मध्ये १२०० आणि ३५ बाय ३५ च्या चौरसात १२२५. ठरावीक परिमितीच्या आयतांमध्ये सर्वांत जास्त जागा चौरसात मावते. तेच १४० फुटांचे कुंपण गोल घातले, तर सुमारे १५६० चौरस फूट जागा मिळते. हे सारे चौकटीच्या कागदावर तिच्याच हातून काढून घ्यावे, कारण फरश्या स्वतः मोजल्याशिवाय हा फरक मनात ठसत नाही.

शब्दांबद्दलही एक सांगतो. हिंदीत ‘वर्ग’ ही आकृती असते आणि संख्येचाही ‘वर्ग’च होतो, मराठीत आकृतीला आपण चौरस म्हणतो. दोन्ही भाषांत वावरणाऱ्या मुलांचा येथे गोंधळ होताना मी अनेकदा पाहिला आहे.

उत्तर (एक अभियंता, इंदूर)

सरांच्या उत्तराला वर्तुळाची जोड देतो, कारण मुले सर्वांत जास्त तेथेच अडखळतात. घरातल्या पोळपाटाच्या कडेने दोरा गुंडाळून परीघ मोजावा, मग मधोमध व्यास मोजावा आणि परिघाला व्यासाने भागावे. कोणतेही गोल झाकण घेतले तरी उत्तर तीनपेक्षा थोडे जास्तच येईल, आणि तोच पाय. २२/७ ही त्याची नेमकी किंमत नव्हे. आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये २०,००० व्यासाच्या वर्तुळाचा परीघ ६२,८३२ सांगितला, म्हणजे पायची किंमत ३.१४१६ येते, आणि त्यानेही तो परीघ ‘आसन्न’, म्हणजे जवळपासचा, असल्याचे श्लोकातच नोंदवले आहे.

क्षेत्रफळासाठी पोळपाटाएवढा कागद कापून त्याच्या पिझ्झासारख्या १६ समान फोडी कराव्यात आणि त्या एक वर, एक खाली अशा शेजारी-शेजारी लावाव्यात. जवळजवळ आयत तयार होतो, ज्याची उंची त्रिज्येइतकी आणि लांबी अर्ध्या परिघाइतकी असते. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (इ. स. ११५०) हाच नियम आहे: परीघ गुणिले व्यासाचा चौथा भाग. पाय गुणिले त्रिज्येचा वर्ग हे सूत्र त्यातूनच निघते, त्यामुळे ते वेगळे पाठ करावे लागत नाही.

प्रश्नकर्त्या पालक

आपणा दोघांचे मनापासून आभार. तिची आणखी एक शंका आहे. ४ सेंटिमीटर बाजूच्या चौरसाची परिमितीही १६ आणि क्षेत्रफळही १६ येते. मग येथे दोन्ही सारखी नाहीत का?

निवृत्त गणित शिक्षक

फार चांगली शंका आहे. तोच चौरस तिला मिलिमीटरमध्ये मोजायला सांगा. परिमिती १६० मिलिमीटर होईल आणि क्षेत्रफळ १६०० चौरस मिलिमीटर. चौरस जागचा हललेला नाही, तरीही आकड्यांचे साम्य नाहीसे झाले, कारण १६ सेंटिमीटर आणि १६ चौरस सेंटिमीटर यांची तुलना होतच नाही. उत्तरापुढे एकक लिहिले नाही म्हणून मी गुण कापत असे, त्याचे कारण हेच.

प्रश्नकर्त्या पालक

सर, काल तिने पोळपाट मोजला. व्यास २८ सेंटिमीटर भरला आणि दोरा ८९, दोरा थोडा सैल असावा, कारण हिशेबाने ८८ यायला हवे होते. मग क्षेत्रफळ ६१६ चौरस सेंटिमीटर काढून ती माझ्याजवळ स्वयंपाकघरात आली. मी लहान भावासाठी १४ सेंटिमीटरच्या छोट्या पोळ्या लाटत होते. एका मोठ्या पोळीच्या कणकेत तेवढ्याच जाडीच्या दोन छोट्या होतील, असे मी म्हणाले. तिने पाटीवर १५४ लिहिले, ६१६ ला त्याने भागले आणि माझ्या हातातल्या गोळ्याचे चार भाग केले.